पुढची भिंत

"बादलीत काय आहे?" शेरिलनं फाटकातच विचारलं.

"आइस्क्रीम," टेकलामावशी म्हणाली.

बादलीवर तसं छापलेलंही होतं. पण झाकणाभोवती माशा घोंघावत होत्या, आणि आइस्क्रीमसाठी एवढ्या माशा आमच्या कॅनडातल्या अल्बर्टात तरी जमत नाहीत.

"मावशी, शेण आत नेता येणार नाही. आज रविवार आहे, लोक मुलांना घेऊन येतात. मी दुकानातून तयार माती आणलीय ना!"

"ती कुंडीत घाल. शेणाशिवाय माती भिंतीला धरत नाही. नाहीतर लाव उद्या तुझं सिमेंट. दहा वर्षांत आतले ओंडके कुजतील, मग ये मला विचारायला. मी नसेन."

शेरिल आमच्या जुन्या वस्तीच्या संग्रहालयाची व्यवस्थापक. पोरगी चांगली, पण नियमांना भिते. मी तिकीटखिडकीवर बसतो. त्याआधी तीस वर्षं गव्हाच्या कोठारात वजनकाट्यावर काढली. माणूसही मी आधी तोलतो, मग बोलतो.

"शेरिल," मी म्हटलं, "आपल्या तबेल्यात दोन घोडे बांधलेत. ते काय गुलाबपाणी सोडतात?"

ती हसली नाही, पण बाजूला झाली. "आजचा दिवस. भिंत नीट झाली नाही, तर उद्या सिमेंटवाला येणार म्हणजे येणारच."

संग्रहालयातली सगळी घरं आसपासच्या शेतांवरून ट्रकवर चढवून आणलेली. त्यातलं दुसरं घर टेकलामावशीच्या सासरचं. एकोणिसाव्या वर्षी ती त्या घरात आली. दर वसंतात, ईस्टरच्या आधी, घर नव्यानं लिंपायचं. पण पुढची भिंत सासूची. वार्वाराबाईंनी तिला त्या भिंतीला कधी बोट लावू दिलं नाही. "पुढची भिंत रस्त्यावरून दिसते," त्या म्हणायच्या, "मागची गाईंना दिसते. तू मागची लिंप." अशी एकवीस वर्षं गेली. सासू वारली त्याच वर्षी नवऱ्यानं नवं घर बांधलं, आणि पुढची भिंत हिच्या वाट्याला आलीच नाही.

आता त्याच भिंतीला बोटभर भेगा होत्या. मावशीनं सासूच्या हातचे सुटे पोपडे काढले आणि पाण्यात भिजत घातले.

"हे टाकायचे नाहीत?" मी विचारलं.

"जुनी माती टाकतात का कधी? नवीला तीच धरून ठेवते." तिनं त्यात शेण आणि बारीक पेंढा घातला, मोजे काढले आणि स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर खोचून गारा तुडवायला लागली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! मग एकाएकी थांबून म्हणाली, "बघ रे ओरेस्ट, म्हातारीला तुडवतेय."

"एकवीस वर्षांचं उट्टं काढा."

"काढतेच आहे," ती म्हणाली, पण पाय हलके झाले होते.

दुपारी उन्हात ती तळहातानं भिंत लिंपत राहिली. खालून वर, खालून वर. खांदा भरून आला की कपाळ भिंतीला टेकून उभी राही. मी खुर्ची नेली. तिनं तिच्यावर बादली ठेवली. शेरिल दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती बाह्या सरसावून, आणि मावशीच्या हातात गारा देऊ लागली. चारच्या सुमाराला तिनं खिशातून फोन काढला, कोपऱ्याच्या आड वळून सिमेंटवाल्याशी बोलली, आणि परत येऊन म्हणाली, "उद्या तो येत नाहीये."

मावशीनं मान हलवली. हात थांबला नाही.

शेवटचा कोपरा झाला. ओली भिंत सायीसारखी दिसत होती. तेवढ्यात एक पाहुणी बाई कॅमेरा सावरत पुढे आली. "किती छान! तुम्ही इथं नोकरी करता का?"

"नाही," टेकलामावशी म्हणाली. "मी या घरची सून."

मग तिनं पाय गवताला पुसले, पाहुण्यांनी आत जाऊ नये म्हणून दाराशी बांधलेली दोरी उचलली, आणि वाकून आत गेली. तिच्यामागे कोणी गेलं नाही.