नऊच्या जागी तीस

मावशीने कॉम्प्युटरवरच्या फाईलमध्ये तीस खोडला, तिथे नऊ लिहिला. मग तीन घरं पुढे जाऊन नऊ खोडला, तिथे तीस लिहिला. काम दोन बोटांचं, पण घाम असा सुटला होता की बाई जणू बँकेची तिजोरी फोडतेय.

हुश्श करून तिने हात मागे घेतला आणि तिथेच थिजली. त्याच ओळीच्या शेवटी एक बारीक हिरवी रेघ लुकलुकत होती. रेघेवर भाचीचं नाव.

फाईल सगळ्या वर्गाची होती. जो उघडेल त्याची रेघ दिसायची, आणि एकाने खोडलेलं अक्षर दुसऱ्याला खोडतानाच दिसायचं. हे मावशीनेच पहिल्या दिवशी मुलांना शिकवलं होतं, अगदी ऐटीत.

हिरवी रेघ थोडा वेळ लुकलुकली. मग नाहीशी झाली.

वर्ग म्हणजे मावशीच्या ऑनलाइन शिकवणीतली चार पोरं. शाळेचं शेवटचं वर्ष, कॉम्प्युटरचा पेपर उद्यावर. एक गप्पिष्ट, तोंड शिवलं असतं तर कानातून बोलला असता. एक चश्मिस. एक कुंभकर्ण, त्याच्या कॅमेऱ्यालासुद्धा जांभया यायच्या. आणि चौथी सख्ख्या बहिणीची मुलगी. घरचीच म्हणून लाड करते असं कुणी म्हणू नये, यासाठी मावशी तिला चौघांत जास्त झापायची.

काल प्रश्न होता सोपा. सात आकडे, त्यातला तीस शोधायचा. पद्धत अशी की मधला आकडा बघायचा. आपला त्याहून मोठा असेल तर डावीकडचे सगळे सोडून द्यायचे, लहान असेल तर उजवीकडचे. परत मधला बघायचा. किती वेळा बघावं लागेल?

"तीन," तिघं म्हणाले.

"सापडणारच नाही," भाची म्हणाली.

"का गं बाई?"

"आकडे क्रमाने नाहीयेत. तीस डावीकडे आहे, आपण तर डावी बाजू सोडून देतो."

मावशीच्या हातातल्या उत्तराच्या कागदावर तीन लिहिलं होतं. तिने पडद्याकडे मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

"वा! पेपर काढणारे खुळे आणि तू एकटी शहाणी. परवा परीक्षेतही असंच लिही हो, सापडत नाही म्हणून. तुझी आई असाच चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते."

तिघं हसले. कुंभकर्णसुद्धा जागा होऊन हसला. भाचीने मान खाली घातली आणि वहीत तीन लिहिलं.

आज जेवताना मावशीने सहज कागदावर आकडे मांडले. चार, तीस, सतरा, पंचवीस, नऊ, बेचाळीस, एक्कावन्न. तीस काही केल्या सापडेना. घास तोंडातच राहिला. घाईत टाईप करताना दोन आकड्यांची अदलाबदल तिच्याच हातून झाली होती.

पाच वाजता चौघं पडद्यावर आले. शेवटचा तास.

"टीचर, एक मिनिट," गप्पिष्ट म्हणाला. "काल इथे तीस दुसरा होता. आज पाचवा कसा?"

मावशीने पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी ती प्यायली.

"पाचवाच होता," भाची म्हणाली. "मीच नीट वाचलं नव्हतं. चल ना पुढे."

"अरे, मग मला कसं..."

"तुला तर आरशातही दोघं दिसतात, दोघंही बडबडे."

परत हसले सगळे. प्रकरण मिटलं. मावशीला फक्त पुढचं पान उघडायचं होतं. बोट बटणावर होतं. पण चश्मिस वहीवर ओणवा होऊन हळू आवाजात घोकत होता, "क्रम बघायचा नाही. मधला बघायचा. क्रम बघायचा नाही."

उद्या हे पोरगं पेपरात तेच लिहिणार होतं. मावशीने शिकवलेलं.

तिने नऊ खोडला, तीस लिहिला. तीस खोडला, नऊ लिहिला. चौघांच्या देखत, सावकाश.

"काल असं होतं. चूक माझी होती. दुपारी मी गुपचूप बदललं." मावशी म्हणाली. "ही बरोबर बोलत होती. क्रम आधी बघायचा, मगच शोधायचं. लिहून घे रे, आधीचं खोड."

चश्मिसची पेन्सिल तेवढी ऐकू आली.

"मग आम्ही हसलो ते?" गप्पिष्टाने विचारलं.

"ते मी हसवलं."

भाची कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेवर नखाने काहीतरी खरवडत होती. तिचे कान लाल झाले होते. मावशीला वाटलं होतं, कबूल केलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

तिने पुढचा प्रश्न उघडला. उत्तराचा कागद उलटा करून ठेवला.

"सोडवायच्या आधी सांगा. हा तरी नीट लिहिलाय का मी?"

तिघांनी माना वह्यांत घातल्या. टीचरचं चुकलं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"नाही," भाची म्हणाली. "तिसऱ्या ओळीत बघ."

मावशीने खुर्ची पुढे ओढली आणि तिसरी ओळ पहिल्यापासून वाचायला घेतली.