चार सेकंदांचा उशीर

“आता,” वहिनी म्हणाली.

मी मांडीवरच्या वहीत नोंद केली. गच्चीवर नुकता अंधार पडला होता. खालच्या गल्लीत कोणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं आणि कठड्यावर वेळेचे ठोके देणारा रेडिओ दर सेकंदाला टिक् टिक् करत होता. दुर्बिणीला लावलेला डोळा न काढताच वहिनीने विचारलं,

“वन्सं, तुम्ही काही म्हणालात?”

“मी? नाही बाई.”

“मी ‘आता’ म्हटलं ना, की जरा वेळाने मागून कोणीतरी ‘हं’ म्हणतं. रोज म्हणतं. आधी वाटलं, भास असेल.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, आणि मध्ये दादाची वेताची खुर्ची होती, रिकामी. दोन वर्षं झाली त्याला जाऊन, पण ती खुर्ची वहिनीने कुणाला हलवू दिली नव्हती.

“वारा असेल,” मी म्हटलं.

“वाऱ्याला ‘हं’ म्हणता येतं का?” वहिनी म्हणाली, आणि हसली. ती हसली याचीच मला जास्त भीती वाटली. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते म्हणून मला भुताखेतांची भीती नसणार, असं लोकांना वाटतं. लोकांचं काय जातंय!

आम्ही काय करत होतो ते सांगते, नाहीतर दोन म्हाताऱ्या गच्चीवर बसून चळल्या असं वाटायचं. गुरू ग्रहाचे चार मोठे चंद्र आहेत. साधारण सहा वर्षांतून एकदा असा मोसम येतो, की ते आपल्याकडून पाहताना एकमेकांच्या पुढून जातात, एकाची सावली दुसऱ्यावर पडते. सावलीत आलेला चंद्र दिव्याची वात खाली केल्यासारखा मंद होतो आणि काही मिनिटांनी पुन्हा उजळतो. तो नेमका कधी मंद व्हायला लागला आणि कधी उजळला, हे सेकंदापर्यंत टिपून आकाशातली गणितं मांडणाऱ्या कचेरीला कळवायचं. त्यावरून चंद्रांच्या वाटा नक्की करतात. पैसे कोणी देत नाही. आभाराचं पत्र येतं.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दुर्बिणीचा आरसाही त्याने स्वतःच घासला होता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोन वर्षं. वहिनीने तेव्हा जेवणं जमिनीवर वाढली. पण दुर्बिणीतून बघ म्हटलं तर साफ नाही म्हणायची. “लोकांच्या घरात डोकावू नये,” म्हणायची. त्यामुळे दादा बघायचा आणि मी लिहायची. पाच मोसम, तीस वर्षांची नोंद, अकरा वह्या. त्या वह्यांचा मला अभिमान होता. प्रत्येक ओळ चंद्राच्या नावाने सुरू होते आणि पुढे वेळ, एकही खाडाखोड नाही. आधी नाव, मग वेळ. वॉर्डात हाताला लागलेली शिस्त होती ती.

आणि तरीही दादा उशीरवाला ठरला. दुसरा मोसम संपल्यावर कचेरीचं पत्र आलं, की तुमच्या सगळ्या नोंदी सरासरी चार सेकंद उशिराच्या आहेत. प्रत्येक माणसाच्या डोळ्याचा आणि मेंदूचा काही ना काही उशीर असतोच, तुमचा जरा जास्त आहे, आम्ही तेवढा वजा करून घेऊ. झालं! निरीक्षकांच्या मेळाव्याला गेला की सगळे म्हणायचे, “या, चार सेकंद!” एकदा त्याच्या चहाच्या कपापुढे कोणीतरी पाटीच लावली होती, ‘चार सेकंदांनी येतील’. दादा सगळ्यांबरोबर हसला. घरी येऊन त्याने स्कूटर विकली.

“अरे, स्कूटरचं काय मध्येच?” मी विचारलं.

“रस्त्यावर चार सेकंद म्हणजे फार झाले गं. समोर पोर आलं तर?”

तेव्हापासून तो रस्ता ओलांडताना माझा हात धरायचा. धडधाकट बावन्न वर्षांचा माणूस. मला त्याची दया यायची, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. मी इतकं नेटकं लिहिते आणि याला वेळेवर बघता येत नाही!

तो गेल्यावर हा सहावा मोसम आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं, तेव्हा मला बघणं शक्य नव्हतं. मी दुर्बीण विकायचं म्हटलं, तर वहिनी म्हणाली, “मी बघते. ह्यांना तीस वर्षं नाही म्हटलं, आता बघते.” आणि शिकली. पहिल्या महिन्यात आम्ही आठ ग्रहणं टिपून पाठवली.

उत्तर आलं त्या दिवशी मी ते वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. कचेरीतले साहेब चांगले, जुने ओळखीचे. लिहिलं होतं, “निरीक्षक बदलला, परंतु चार सेकंदांचा उशीर तसाच आहे. तो दिवंगत निरीक्षकाचा असता, तर त्यांच्याबरोबर जायला हवा होता. कारण कळत नाही तोवर या गच्चीवरील नोंदींवर विसंबता येत नाही. नव्या गणितातून आम्हाला पूर्वीच्याही सर्व नोंदी वगळाव्या लागतील. काही खुलासा असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावे.”

अकरा वह्या! दादाची तीस वर्षं म्हणजे कोणी पाटीवर ओला हात फिरवावा तशी जाणार. पण वहिनीचा चेहरा उजळला होता.

“म्हणजे हेच बघतायत,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांतून. उशीर त्यांचा आहे, आणि ‘हं’ पण तेच म्हणतात.”

“वहिनी, असं काही—”

“तुम्हाला नाही पटलं तरी चालेल. मला ऐकू येतं.”

त्या दिवसापासून तिला भूक लागायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने खिडकीचे पडदे धुतले. संध्याकाळी गच्चीवर जाताना ती केस विंचरून, धुतलेली साडी नेसून जायची आणि खुर्चीवर शाल ठेवायची, ह्यांना गार लागेल म्हणून. मी पायरीवर बसून त्या शालीकडे बघत राहायची. एकदा वहिनीने “आता” म्हटलं आणि अंधारात खरंच मलाही वाटलं, की खुर्चीचा वेत करकरला. मी वहीत डोकं घातलं ते वर केलंच नाही.

खुलासा शोधायचा म्हणून एका दुपारी मी दादाचं कपाट काढलं. घड्याळाच्या पावत्या, रेडिओच्या दुरुस्तीचे कागद, काहीतरी सापडेल. सापडली एक कॅसेट. वर दादाच्या अक्षरात तिसऱ्या मोसमातली तारीख होती, आणि तारखेखाली एकच शब्द, “ऐकले”.

टेपरेकॉर्डर चालू होता. वहिनी बाजारात गेली होती. मी बटण दाबलं, आणि खोलीभर गच्चीवरचा तो जुना अंधार आला. रेडिओची टिक् टिक्, कुठेतरी कुत्रं भुंकतंय. मिनिटाचा लांब सूर वाजला आणि मी नकळत मोजायला लागले. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस.

“आता!” दादा म्हणाला. खणखणीत आवाज, अगदी बाविसाव्या ठोक्यावर.

मग पेन्सिलीची खरखर. तेवीस, चोवीस, पंचवीस. आणि सव्विसाव्या ठोक्याला, माइकच्या अगदी जवळ, कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, “हं.”

माझी तर पाचावर धारण बसली. मी टेप मागे नेऊन पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा ओळखलं. तो आवाज मला आयुष्यात कधी बाहेरून ऐकूच आला नव्हता. तो माझा होता.

त्या तारखेची वही काढली. माझ्या सुरेख अक्षरात होतं, ‘आयो, सात वाजून अठरा मिनिटं, सव्वीस सेकंद’. आधी नाव, मग वेळ.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या. मी घड्याळ बघून अगदी वेळेवर औषध दिलं, आणि चुकीच्या बाईला दिलं. ती तीन दिवस शुद्धीवर नव्हती. वाचली, पण ते तीन दिवस दादा माझ्याजवळ बसून होता, कारण मला जीव नकोसा झाला होता आणि मी सारखी गच्चीच्या दाराकडे बघत होते. पुढे मोठ्या सिस्टरांनी मला ती शिस्त लावली. कितीही घाई असो, आधी रोग्याचं नाव लिहायचं, वाचायचं, मनाशी ‘हं’ म्हणायचं, आणि मगच घड्याळाकडे बघायचं. मी मनाशी म्हणते असं मला वाटत होतं. गच्चीवरही दादाने “आता” म्हटलं की मी आधी चंद्राचं नाव लिहायची आणि मग रेडिओशी जुळवून छातीवर टाचलेलं घड्याळ उलटून बघायची. चार सेकंद. माझ्या उशिराचं खापर इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांवर फुटत राहिलं, आणि त्याला ते कळलं कसं नाही? त्याचा डोळा दुर्बिणीला होता. मी काय करते हे तो बघूच शकत नव्हता.

पण कळलं होतं. “ऐकले” म्हणून तर लिहिलं होतं. कॅसेट ऐकून त्याने कपाटात ठेवून दिली आणि त्यानंतर सोळा वर्षं “या, चार सेकंद” ऐकत चहा पीत राहिला. तोंडातून ब्र काढला नाही. तीन दिवस जिच्याजवळ बसला होता, तिला पुन्हा ‘तू चुकलीस’ कसं सांगणार?

मी खूप रडले. मग डोळ्यांत औषध घातलं आणि तीन दिवस गप्प बसले. सांगितलं नसतं तर वह्या गेल्या असत्या. सांगावं तर वहिनीचा नवरा पुन्हा एकदा जाणार होता, आणि या खेपेला माझ्या हातून. वहिनी पडद्यांना नव्या कड्या शिवत होती, गुणगुणत होती. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा मी टेपरेकॉर्डर तिच्या पुढ्यात ठेवला.

“हे ऐक. काही बोलू नको, नुसतं ऐक.”

दादाचा “आता!” आला तेव्हा तिने तोंडावर हात दाबला. मग “हं” आलं.

“हेच!” ती ओरडली. “हेच ते! मी सांगत नव्हते?”

“वहिनी, ‘आता’ कोण म्हणालं?”

“हे.”

“मग लगेच ‘हं’ कोण म्हणालं? गच्चीवर कोण कोण असायचं?”

तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. चौथ्यांदा तिने टेपकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं, दोन बायकांपासून सव्विसाव्या ठोक्यापर्यंत. तिने शिवणाच्या सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

“तारीख काय आहे त्यावर?” शेवटी तिने विचारलं. मी दाखवली.

“त्याच आठवड्यात ह्यांनी पुन्हा एक जुनी स्कूटर घेतली,” ती म्हणाली. “मी म्हटलं, अहो, भीती वाटत होती ना? तर म्हणाले, डोळे सुधारले. मला मागे बसवून नदीपर्यंत नेलं. एवढे खूश का, ते सांगितलं नाही.” मग सुई बाजूला ठेवून, “म्हणजे तिथे कोणी नव्हतं.”

“नव्हतं गं.”

“बरं,” असं म्हणून ती उठली आणि गच्चीवरची शाल आणून घडी घालून कपाटात ठेवली. रात्री जेवली नाही.

कचेरीला मी लिहिलं, की उशीर निरीक्षकाचा नव्हता, नोंद करणारीचा आहे. कॅसेट सोबत जोडली. साहेबांचं उत्तर चार ओळींचं आलं. सर्व नोंदी ठेवत आहोत, चार सेकंद लेखनिकेच्या नावे टाकले आहेत, निरीक्षकाचा स्वतःचा उशीर जवळपास शून्य निघतो. वहिनीने पत्र वाचलं आणि देवापुढे न ठेवता स्कूटरच्या जुन्या किल्लीखाली ठेवलं.

मोसमातलं शेवटचं ग्रहण आलं तेव्हा ती वर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आली, घरातल्याच साडीत. मी चंद्राचं नाव खालूनच लिहून आणलं होतं. घड्याळ हातात उघडं धरून पायरीवर बसले.

“आता,” वहिनी म्हणाली.

मी आकडा लिहिला आणि ओठ घट्ट मिटले. रेडिओ टिक् टिक् करत होता. एक, दोन, तीन. वहिनीची पाठ ताठ झालेली मला अंधारातही दिसली. चौथी टिक् वाजली आणि तिच्यानंतर पाचवी वाजली. कोणी काही म्हणालं नाही.

वहिनीने डोळा दुर्बिणीवरून काढला नाही. नुसता हात मागे करून चाचपडत तिने दादाची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“वन्सं, वर बसा,” ती म्हणाली. “पायरी गार पडली असेल.”