लाल गाडीचे पाचवे चाक

मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीचे जास्तीचे चाक. एखादे चाक पंक्चर झाले तरच तिची आठवण होते. माझी गाडी लाल, दोन माणसांची, पन्नास वर्षांपूर्वीची शर्यतीची गाडी आहे. तिचे इंजिन मागे आहे. इतर गाड्यांचे इंजिन जिथे असते, तिथे पुढच्या झाकणाखाली मी आडवी पडलेली असते.

मित्रांनो, आम्हा पाच चाकांच्या लोखंडी रिंगा एकाच कारखान्यात, एकाच दिवशी घडल्या. पण चौघांना रस्ता मिळाला आणि मला अंधार. ती संध्याकाळी गरम होऊन, अंगाला घाटाची लाल माती लावून परत येत. मी मात्र गार. एकदाच मोखाड्याच्या रस्त्यावर पुढच्या चाकात खिळा घुसला आणि मी अकरा किलोमीटर धावले. जव्हारला पोहोचताच पंक्चर निघाले, मला पुन्हा आत टाकले. ते अकरा किलोमीटर मी अजून मनात घोळवते.

चार वर्षांपूर्वी आमची गाडी जव्हारला कुतुबुद्दीन मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला आली. शेजारी त्याच मालकांची एक हिरवी गाडी होती. तिची स्टेपनी पाठीवर, बाहेर, उन्हात टांगलेली. शाळेतून येणारी मुले तिच्यावरून हात फिरवत. कोणी तिच्यापाशी फोटो काढला, की झाकणाखाली माझा जळफळाट होई. मला तर कोणी पाहिलेलेही नव्हते.

मालक ठाण्याचे. जामसरच्या बाजूला त्यांनी आपल्या जागेत वळणावळणाचा छोटा डांबरी ट्रॅक केला होता. यंदा एके दिवशी ते मिस्त्रींना म्हणाले, "शर्यतीला एकच गाडी पाठवणार. रविवारी दोन्ही पळवून बघू. वळणं चांगली घेईल ती जाईल. दुसरी माझ्या हॉटेलच्या दारात उभी राहील, शोभेला."

मिस्त्रींचा चेहरा पडला. लाल गाडीचा एकेक स्क्रू त्यांनी स्वतः बसवला होता. गाडी चालवणार होती त्यांची मुलगी फिरदौस, आणि तिने लाल गाडीवरच हात बसवला होता.

रविवारी मालकांनी दोन्ही स्टेपन्या काढायला लावल्या. गाडी हलकी तेवढी चपळ, असे त्यांचे म्हणणे. मला गवतावर टाकले. दाभोसा ते जव्हार जीप चालवणारा जगन हत्यारे घेऊन आला होता. तो चहाचा पेला घेऊन सरळ माझ्यावर बसला.

आधी हिरवीने एक फेरी मारली. तिचे इंजिन पुढे, त्याच्या वजनाने पुढची चाके रस्ता घट्ट धरतात. अठ्ठावन्न सेकंद. मग लाल निघाली. माझ्या चार भावंडांना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते पाहवत नव्हते. पण उंबराच्या झाडाजवळच्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन चुना फासलेल्या टायरांच्या रांगेला घासली आणि कशीबशी फेरी पुरी केली. त्रेसष्ट सेकंद.

खोटे कशाला सांगू? मला बरे वाटले. फार मिरवत होती ती चौघे.

फिरदौस खाली उतरली. "अब्बा, मी स्टेअरिंग वळवतेय आणि गाडी सरळच जातेय. गेल्या आठवड्यात असं करत नव्हती."

मिस्त्री आपले स्वच्छ हात फडक्याला पुसत राहिले. ते पाहून माझा आनंद ओसरला.

माझ्यावर बसलेला जगन हसला. "चाचा, माझी जीप दाभोशाच्या चढणीला असंच करते. मागं सात जण लटकले का पुढचं तोंड हलकं व्हतं. मंग काय वळतेय? मी मागं बसलेल्या जाडजूड गौराआजीला पुढं बोलावतो. आजी बसली का जीप शहाण्यासारखी वळते."

"इथं गौराआजी कुठून आणू?" मिस्त्री चिडून म्हणाले. मग एकदम थांबले. "जगन, ऊठ."

"चहा संपू द्या की."

"ऊठ म्हणतो ना. तू गौराआजीवरच बसलायस."

मिस्त्रींनी मला अंगठ्याने दाबून पाहिले. मी मऊ लागले. "चार वर्षांत हिची हवा मीसुद्धा बघितली नाही," ते हळूच म्हणाले. त्यांनी हवा भरली, मला जागेवर ठेवले आणि पट्टा आवळला.

पुन्हा अंधार. पण वळण आले तेव्हा माझे सगळे वजन पुढच्या दोन चाकांवर उतरले, आणि त्यांनी रस्ता धरला. माझ्या जोरावर धरला. अठ्ठावन्न सेकंद.

"बरोबरीच झाली की," मालक म्हणाले. "आता कोणती?"

फिरदौसने थोडा विचार केला. "हिरवी घसरायच्या आधी सांगते. नव्या माणसाला ती चांगली. लाल काही सांगत नाही, पण आता पुढून धरते आणि मागून ढकलते. मला लाल द्या. आणि स्टेपनी आतच राहू द्या."

मालकांनी मान डोलावली. हिरवी हॉटेलच्या दारात गेली. तिच्या स्टेपनीपाशी आता रोज फोटो निघतात म्हणे. ऐकून मला अजून जळजळते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर महिन्यातून एकदा डिकी उघडायला सांगा. आमची हवा बघा, अंगावरची धूळ पुसा. आम्ही दिसत नाही, पण असतो.

मला पुन्हा रस्ता मिळेल की नाही, ठाऊक नाही. झाकण बंद झाले, की त्या चौघांचा हेवा वाटतोच. पण वळण आले, की मीही अंधारात जोर लावते.