येळवशीला एकच शेत

मेलेल्या माणसाची माफी मागायचा एकच मार्ग असतो : जिवंतपणी त्याला दिला नाही तो वेळ त्याच्या माघारी द्यायचा. हनुमंतने हे वाक्य आरशासमोर मफलर गुंडाळत मोठ्याने म्हटलं, तेव्हा उज्वलाने स्वयंपाकघरातून विचारलं, की म्हणजे आज एकूण किती शेतांवर जायचंय.

"एकाच," हनुमंत म्हणाला. "आपल्या."

उज्वला पदराला हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी लातूर शहर असं ओस पडतं, की परगावचा माणूस दंगल झाली समजून माघारी फिरावा. सगळे आपापल्या शेतात असतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. बोलावलं की जावं लागतं, गेलं की जेवावं लागतं. बहुतेकांना ही अडचण वाटते. हनुमंतला हा आपला मूलभूत हक्क वाटे. तो एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होता, आणि दिवसभर भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीखाली बसून जे साचत असे, ते संध्याकाळी गावभर रिकामं करत असे. लग्नं, बारशी, वास्तुशांती, अनोळखी माणसांचे निवृत्ती समारंभ. कित्येक लग्नांच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या मामापेक्षा त्याचे फोटो जास्त होते. घरात पंधरा मिनिटं एकटा राहिला, तर शेजाऱ्यांच्या नळाला पाणी आलं का, हे बघायला तो उठून जाई.

गेल्या येळवशीला तो बरीच शेतं फिरून मग स्वतःच्या शेतावर पोचला होता. दिवस कलला होता. आबा, म्हणजे त्याचे वडील ग्यानोबा, कडब्याच्या खोपीबाहेर घोंगडीवर बसले होते, तोंड रस्त्याकडे. पुढ्यातली पत्रावळ कोरी. हनुमंतने उभ्या उभ्या तांब्याभर आंबील प्यायली, "जेवा की आबा," म्हणाला आणि निघाला, कारण औशाकडच्या एका शेतावर अजून त्याची वाट बघत होते. फाल्गुनात आबा झोपेतच गेले.

दहाव्याला डोकं भादरून घेताना हनुमंतच्या डोळ्यांपुढे ती कोरी पत्रावळ आली. त्याने ती लगेच न्हाव्याला सांगितली. मग व्याह्यांना, मग ग्रंथपालांना, मग पानाच्या टपरीवर. अपराधी वाटणंसुद्धा त्याला एकट्याने जमत नसे. दिवाळीपर्यंत ते सांगणं घासून घासून गुळगुळीत झालं होतं : "बाप उपाशी बसला होता माझ्या वाटेला डोळे लावून." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. हनुमंतच्याही यायचं, आणि ते दर वेळी खरं असायचं.

उज्वला दरवर्षीप्रमाणे माहेरच्या शेतावर गेली आणि हनुमंत आपल्या.

थोरला भाऊ रामलिंग त्याला बघून उठला, सूर्याकडे बघितलं, पुन्हा भावाकडे बघितलं.

"सकाळीच?"

"हाव, अण्णा. आज दिवसभर हाय."

रामलिंगने मान हलवली. त्याच्या हिशेबी हे बोलणं बरंच झालं होतं.

वहिनी शीलाने खोपीतल्या पाच पांडवांना, म्हणजे चुना लावलेल्या पाच दगडांना, हळद-कुंकू वाहिलं. दोघे भाऊ आंबील शिंपडत शेताला फेरी मारून आले. भज्जी, उंडे, खिचडी, खीर. हनुमंतने आबांच्या नावाचा घास काढून ठेवला आणि तो काढताना वहिनीचं लक्ष आहे ना, हे बघितलं. वहिनीचं लक्ष होतं.

जेवण आटपलं, आणि पुढे अख्खी दुपार पसरलेली.

"हरभरा बरा हाय," हनुमंत म्हणाला.

"हाय."

"ज्वारी?"

"बरी हाय."

पिकं संपली. फोन वाजला, औशाकडचा दोस्त होता. हनुमंतने तो उचलला नाही आणि आपण उचलला नाही हे दोघांना दिसेल असा पालथा ठेवला. थोड्या वेळाने शेजारच्या शंकरप्पाच्या रानातून दहा-वीस माणसं एकदम हसल्याचा आवाज आला. हनुमंतची मान आपोआप तिकडे वळली. कोणता विनोद झाला असेल? कोणी केला असेल? त्याने मान जागेवर आणली. पुन्हा हसले. त्याने घोंगडीच्या दशा मोजायला घेतल्या. रामलिंग दोनदा आडवा व्हायच्या बेताने हलला, पण घोंगडीवर पाहुणा बसलेला असल्यामुळे तसाच बसून राहिला.

"भाऊजी, पाय अवघडले का?" शीलाने भांडी घासता घासता विचारलं.

"न्हाई वहिनी. बरं वाटून राहिलं."

"तोंडावरून तर डॉक्टरकडं नंबर लावल्यावानी दिसून राहिले."

रामलिंगने जांभई दाबली. आणि मग, न सांगता राहणं अशक्य झाल्यामुळे, हनुमंतने ते सांगितलं. आजपर्यंत त्याने ते साऱ्या लातुरात सांगितलं होतं, पण ज्या रानात घडलं त्या रानात पहिल्यांदाच. आवाज योग्य ठिकाणी दाटला.

"गेल्या साली आबा हितंच बसले होते, वहिनी. माझ्या वाटेला डोळे लावून. उपाशी. अन् मी पाणी पिल्यावानी आंबील पिऊन निघून गेलो. त्याचंच फेडून राहिलोय आज."

शीलाचा घासणीवरचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ढेकळाकडे बघितलं.

"आबा उपाशी?" ती म्हणाली. "कोण सांगितलं तुम्हाला?"

"म्या बघितलं की. पत्रावळ कोरी होती."

"आता पोटात जागा नसल्यावर कोरीच राहणार. सकाळीच शंकरप्पाच्या पोराच्या गाडीवर बसून गेलते. तिकडं जेवले, मंग पलीकडं गुरुपादप्पाच्या रानात खीर खाल्ली, मंग आणिक कोण्या पावण्याकडं. दुपारी पोरानं आणून सोडलं तर पोट ही असं, डेऱ्यावानी. ओवा दिला म्या."

हनुमंतने घोंगडीची एक दशा बोटाभोवती गुंडाळली.

"मंग माझी वाट कामून बघत होते?"

"तुमची न्हाई, भाऊजी," शीला म्हणाली. "गाडीची."

शंकरप्पाच्या रानात आता कोणीतरी गाणं धरलं होतं.

"वरल्या अंगाचे चार शेतं राह्यले होते त्यांचे," ती सांगत राहिली. तिच्या आवाजात दोष नव्हता. ती भांडं विसळत होती. "गुडघ्यानं चालवत नव्हतं. कोणी गाडीवाला दिसला की बसायचं, म्हणून रस्त्याकडं तोंड करून बसलेले. टोपी बदलून, चपला घालून. तुमची गाडी आली तर उठून उभे राह्यले की."

हे खरं होतं. आबा उठले होते. काठी टेकून, चक्क दोन पावलं पुढे आले होते. आणि हनुमंतने, बाप आपल्याला सामोरा यायला उठला या समजुतीने गहिवरून, त्यांना दोन्ही खांद्यांना धरून पुन्हा घोंगडीवर बसवलं होतं. "बसा आबा, बसा, त्रास करून घेऊ नका," असंही म्हणाला होता. त्याने आता आपले हात बघितले आणि ते मांड्यांखाली घातले.

"बोलले कामून न्हाईत?"

"तू लई गडबडीत होतास," रामलिंग म्हणाला.

मग रामलिंग पुन्हा बोलला, आणि शीलाने भांडं खाली ठेवलं, कारण तो सलग बोलत होता.

"तुझ्यावानीच होते ते. घरात जीव रमायचा न्हाई. कुठं चार माणसं दिसली की चालले. तुला शहर घावलं. त्यांना मी घावलो." त्याने ढेकूळ हातात फोडलं. "गाडी मलाबी येती. न्यायला पायजे होतं म्याच. पण मला नको वाटतं रे कुठं जायला. काय बोलावं माणसांत, कळत न्हाई. मी म्हणायचो, बसा की आबा घरी, काय कमी हाय. बसायचे मंग."

दोघे भाऊ एकाच रस्त्याकडे बघत बसले. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"शंकरप्पा सकाळी बोलवून गेलाय," शीला म्हणाली. "जाऊन या, भाऊजी. तुमचं फेडून झालं असंल तर ह्यांनाबी जरा आडवं होऊ द्या."

हनुमंत उठला नाही. घोंगडीच्या कडेला सरकून त्याने भावाला जागा करून दिली. रामलिंग आडवा झाला आणि डोळ्यांवर टोपी ओढली. शीलाने ताटल्या उन्हात पालथ्या घातल्या.

"गेल्या साली एवढ्या गडबडीनं कुठं गेलते हितून?" तिने सहज विचारलं.

"औशाकडं. दोस्ताच्या रानात."

"लई माणसं आली असतील."

हनुमंतने कडब्याचं एक पान उभं चिरलं, मग त्या अर्ध्याचं अर्धं केलं.

"आलती म्हणं," तो म्हणाला. "मी पोचलो तवर सगळी घरी गेलती."