दौलतचं नाक आणि ऐश्वर्याची हळद

ऐश्वर्याचं लग्न ठरलं ते दोन हजार चोवीस साल. साखरपुडा माघात झाला, हळद वैशाखात धरली, आणि मधल्या दिवसांत नवरीच्या आजोबाचं, दौलत म्हात्र्याचं, नाक बंद पडलं. दुसऱ्या कुणाचं पडलं असतं तर गावाने चौकशीही केली नसती. पण दौलतचं नाक एकट्या दौलतचं नव्हतं.

मानपाड्याच्या पलीकडे नाल्याकाठी हे आगरी गाव. निम्म्या भातशेतावर इमारती उभ्या आहेत, निम्म्यावर टँकर. हळदीचा कायदा मात्र जुनाच. मासळीचा टेम्पो मांडवाशी आला की आधी नारळ फोडायचा, मग दौलतने खोक्यात नाक घालायचं. त्याने मान हलवली तर चुली पेटणार, नाहीतर टेम्पो माघारी. त्याने नाक लावलेल्या हळदीत आजवर एकाही पाहुण्याचं पोट बिघडलं नव्हतं. आणि आता घरच्याच हळदीला त्याला सुकट कुठली नि साबण कुठला ते कळेना.

त्याचा चुलतभाऊ राघो हळदीच्या चुलीवरचा मुख्य. तो म्हणाला, दादूसला वास येत नाही हे व्याह्यांना कळलं तर मासळीला हात लावणार नाहीत. दौलतने यावर आपला जुना इलाज दुप्पट केला, म्हणजे तपकीर. तपकिरीने नाकाला धार येते असं त्याच्या बापाने सांगितलं होतं. उशाशी मच्छरची कॉइल होतीच. नाक आणखी बसलं, कपाळ ठणकू लागलं, आवाज घागरीतून आल्यासारखा झाला.

शेवटी सून वासंतीने त्याला डोंबिवलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने नाकात दिवा घालून पाहिलं नि आधी तपकिरीची डबी मागून घेतली. मग सांगितलं, कॉइल बंद, धुळीत तोंडाला फडकं, दिवसभर पाणी पीत राहायचं, नाक जोरात शिंकरायचं नाही. आणि रोज सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडं मीठ घालून चोचीच्या भांड्याने नाक धुवायचं, एका नाकपुडीतून घालून दुसरीतून सोडायचं.

चोचीचं भांडं घरात एकच होतं. ऐश्वर्याला लहानपणी दूध पाजायचं पितळी बोंडलं. विमलाबाईने, दौलतच्या बायकोने, ते चिंचेने घासून काढलं. दुसऱ्या दिवशी दौलत अंगणात ओणवा बसला, मान कलती केली आणि सुनेने सांगितलं तसं पाणी सोडलं. डाव्या नाकपुडीतून गेलं, उजवीतून आलं. कुंपणाशी उभ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. चार दिवसांत दौलतचं अंगण सकाळी टीव्हीपुढच्या खोलीसारखं भरू लागलं. म्हातारी रंगूबाई म्हणाली, हे पाणी मेंदूवरून जातं, म्हातारा हळूहळू धुऊन निघेल. त्याच दिवशी दौलत आपल्या साडूचं नाव विसरला आणि गावाची खात्रीच पटली. राघोने त्याला समोर बसवून त्याच्याच साती बहिणींची नावं म्हणायला लावली. त्याने एक जास्तच सांगितली.

पण कपाळाचा ठणका उतरला. तपकिरीसाठी हात अजून कनवटीला जायचा, रिकामा परत यायचा. तेव्हा गावालाही आशा आली. पंचांनी ठरवलं की हळद होईपर्यंत दौलतच्या आळीत कुणी कचरा जाळायचा नाही, मिरचीची फोडणी वारा पाहून द्यायची, झाडू मारण्याआधी पाणी शिंपडायचं. आळीच्या तोंडाशी दोघे पहाऱ्याला बसले. एका रिक्षावाल्याला त्यांनी धूर सोडतो म्हणून ढकलत बाहेर काढलं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी नाकातून पाणी सुटलं आणि दौलतच्या डोक्यात दार उघडल्यासारखं झालं. त्याने श्वास घेतला, तोंड वाकडं केलं, पण कुणाला काही बोलला नाही.

हळदीच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून टेम्पो आला. नारळ फुटला. दौलतने पापलेटाच्या खोक्यात नाक घातलं आणि मागे सरकला. माघारी न्या म्हणाला. राघोने धावपळ करून कल्याणच्या बाजारातून दुसरा टेम्पो आणवला. डोळे लख्ख, कल्ले लाल, अंगावर बर्फ. दौलतने पुन्हा मान फिरवली. वाटणं तयार, पातेली उपडी, बायका चुलीपाशी हात पुसत उभ्या, आणि वराकडची माणसं उष्टी हळद घेऊन घोडबंदर रोडवरून निघालेली. मासळीवाचून हळद म्हणजे गावाची लाज. विमलाबाई दोन्ही टेम्पोंकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघत होती. ती आत गेली, नातीला लावायची हळद वाटीत घेऊन आली आणि त्याच्या नाकाशी धरली.

"ही कशी हाय?"

दौलतने हुंगली. "हीबी नासलीय."

"हलद कदी नासते काय, म्हाताऱ्या?"

विमलाबाईने दुसऱ्या टेम्पोतली एक सुरमई ओल्या गोणपाटात गुंडाळली, राघोला स्कूटर काढायला लावली, दौलतला मधे बसवलं, त्याच्या मांडीवर सुरमई दिली आणि स्वतः मागे बसली. गावाबाहेर मलंगाच्या बाजूला एक टेकडी आहे, तिथे वारा मोकळा असतो. घोडबंदरला त्या दिवशी ट्राफिक तुंबला, तो कुलदेवतेसारखा पावला. पाहुणे अडकून होते तोवर स्कूटर टेकडीवर पोचली.

दौलतने आधी नुसता वारा घेतला. मग गोणपाट उघडलं, सुरमईच्या कल्ल्याला नाक लावलं आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. नवऱ्याला घरी रडताना विमलाबाईने कधी पाहिलं नव्हतं, ते तिने तिथे पाहिलं.

"मासली ताजी हाय, राघो."

"मंग नासला काय?"

दौलतने खाली बोट केलं. मांडवाचे रंगीत पडदे दिसत होते, त्यामागे नाला, उन्हाने आटून काळा झालेला.

"गाव."

राघोने फोन काढून चुली पेटवायला सांगितलं. हळद थाटात झाली, पाहुण्यांनी बोटं चाटली, ऐश्वर्या नाचली आणि कुणाचंही पोट बिघडलं नाही.

पुढे ही गोष्ट ग्रामसभेत निघाली. नाला साफ करावा असं वासंतीने मांडलं. त्याला खर्च फार, शिवाय नाला नेमका कुणाचा यावर दुपार गेली. मग राघोने सोपी तोड काढली की इथून पुढे हळदीची मासळी टेकडीवर नेऊन हुंगावी. सगळ्यांचे हात वर झाले. टेम्पो चढावा म्हणून टेकडीला सिमेंटचा रस्ता झाला, वर पत्र्याची शेड झाली, नारळ फोडायला दगडही बसवला. नाला आहे तिथेच आहे.

हाल झाले ते दौलतचे. उघडं नाक घेऊन त्या गावात जेवायचं म्हणजे शिक्षा. घास हातात धरून तो वाऱ्याची दिशा बदलायची वाट बघायचा. राघोला दया आली. एका संध्याकाळी त्याने लपवून आणलेली तपकीर पुढे केली.

"घे चिमूटभर, दादूस. आमच्यासारका व्हशील. सुकान जेवशील."

दौलतने डबीकडे बघितलं, बोटंही पुढे गेली. मग त्याने ती मागे घेतली.

"गावात एक तरी नाक चालू ऱ्हावदे."

तो रोज सकाळी बोंडल्याने नाक धूत राहिला. आता बघायला कुणी येत नसे.

तो गेला तेव्हा अंघोळ घालताना राघो नाकात घालायला कापसाचे बोळे घेऊन पुढे आला. विमलाबाईने त्याचा हात धरला. आत जाऊन तिने पाणी उकळलं, कोमट होईपर्यंत थांबली, चिमूटभर मीठ टाकलं. सगळी आळी ताटकळत उभी होती, पण तिला घाई करा असं कुणी म्हणालं नाही. बोंडल्याने तिने पाणी डाव्या नाकपुडीतून सोडलं. मगच बोळे घालू दिले.

दौलत म्हात्रे दोन हजार पंचवीस साली, कार्तिकात, सकाळी, आपल्या घरी वारला.