खिडकीखालची तार

मी एक जुना सिलिंडर आहे. गॅसचा नव्हे बरं का, आग विझवायचा! विमानात शेवटच्या रांगेमागे, पट्ट्यात अडकवलेला. मित्रांनो, तुम्ही विमानात बसला असाल, तरी माझ्याकडे तुमचं लक्ष गेलं नसेल.

कारखान्यात माझ्या पोटात वायू दाबून भरला, दाबाचा काटा हिरव्यावर आला आणि मी थेट आकाशात गेलो. मग नुसतं थांबणं. मेकॅनिक यायचा, काटा बघायचा, निघून जायचा. पण एवढं अवजड धूड हवेवर तरंगतं कसं, याचं माझं नवल कधी सरलं नाही. त्याच्या भिंतींआडून मैलोन्‌मैल तारा जातात. दिवे, टीव्हीचे पडदे, यंत्रं, सगळं त्यांच्या जिवावर.

त्या दिवशी आम्ही शिर्डीला निघालो होतो. शेवटच्या रांगेत खर्डा गावचे सूर्यभानबाबा आणि त्यांच्या पत्नी भागूबाई होत्या, काशी करून परतणारे. भागूबाईंच्या मांडीवर गंगेच्या पाण्याचा गडू होता, तोंड मेणानं बंद केलेला. घरी मावंद्याच्या, म्हणजे यात्रा पार पडल्याच्या जेवणाआधी पूजा करूनच तो उघडायचा.

"अवो, कायतरी जळाल्यावानी वास येतुय," भागूबाई म्हणाल्या.

"गप बस. इमानात असाच वास असतू. इचारशील अन् लोकं हसतील."

त्यांनी पदर नाकाला लावला. वास मात्र वाढत गेला. खिडकीखालच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर आली. आत एका तारेचं आवरण घासून घासून फाटलं होतं आणि ठिणगी पडली होती. केवढी ती तार? सुतळीहून बारीक! आणि ढगांच्याही वर, तिच्या भरवशावर विमानभर माणसं. पुढच्या रांगेत तर एक तान्हं लेकरू आईच्या कुशीत झोपलेलं.

"आगं बया, जाळ!" भागूबाईंनी नखानं मेण उचकटलं. मावंद्याचं पाणी, पण त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. गडू कलणार, तोच हवाई सुंदरी धनश्रीनं त्यांचा हात धरला. ती केडगावची. एरवी इंग्रजीत गोड बोलणारी पोरगी एकदम घरच्या बोलीवर आली.

"आजी, पानी नगं! आत करंट हाय!"

"गंगेचं हाय गं, पोरी!"

"करंटला काय कळतंय गंगेचं! सरा मागं!"

तिच्या सोबतिणीनं विमानातल्या फोनवरून वैमानिकाला कळवलं. त्यानं तिथली वीज तोडली. धनश्रीनं पालथ्या हातानं भिंत चाचपली, तापलेली जागा हेरली आणि मला उपसलं. तिची पकड घट्ट होती. फटीला तोंड लावून तिनं मला दाबलं. इतकी वर्षं कोंडलेला माझा श्वास सूंऽऽ करत आत घुसला. धूर विरळ झाला. थांबला.  पुढच्या रांगेतलं लेकरू अजूनही झोपलेलंच होतं. 

शिर्डीला उतरताना सूर्यभानबाबा हळूच म्हणाले, "मगाशी तुला बोलू द्यायला पायजे हुतं."

"आता बोलू का? तुमच्या पायात चप्पल न्हाई."

बाबांनी खाली पाहिलं आणि भर दारात दोघंही हसत सुटली.

मी आता रिकामा आहे. मला पुन्हा भरतील, पुन्हा टांगतील. मित्रांनो, विमान असो की घर, जळका वास आला तर लगेच सांगा. हसणारे हसू देत. मलाही तोंड आहे, पण ते फक्त विझवायला. ओरडायला तुम्हीच हवेत.