नावामागची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी बिल्ड फाइल आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही. प्रोग्रामाचे तुकडे कुठल्या क्रमाने तयार करायचे नि कसे जोडायचे, ते माझ्यात लिहिलेलं असतं.

गांधीबागेत, कापडदुकानाच्या माडीवरच्या छोट्या ऑफिसात यमुताईंनी मला घडवलं. आमचा प्रोग्राम उन्हाचा अंदाज बांधतो आणि मौद्याकडच्या शाळांना इशारा पाठवतो. त्याचं गणित जुन्या फोरट्रान भाषेत, बाकीचा कारभार सी भाषेत. दोघींचा संसार एका घरात म्हटल्यावर मध्ये कुणी तरी सासू लागतेच. ती मी. वर्षानुवर्षं राबले. कौतुक प्रोग्रामाचं झालं. माझं नाव निघालं ते काही बिघडल्यावरच.

ताई निवृत्त होऊन कोराडीला गेल्या, त्यांच्या जागी गोपिका आली. एप्रिलातल्या एका सकाळी तिने इशाऱ्याची मर्यादा चव्वेचाळीसवरून बेचाळीस अंशांवर आणली. त्या दिवशी पारा त्रेचाळीसवर जाणार होता. अकराच्या आत इशारा गेला, तरच पोरं ऊन चढायच्या आधी घरी पोचणार होती. त्याच झपाट्यात तिने मलाही झाडून काढलं. एका ओळीशेजारी ताईंनी लिहिलं होतं, 'हिले हात लावू नको वं.' गोपिका हसली आणि ती ओळ पुसून टाकली.

मग बदललेला प्रोग्राम नव्याने जोडायला घेतला आणि जोडणी अडली. सी हाक मारत होती, फोरट्रान ओ देत नव्हती. 'नाव सापडत नाही,' एवढंच मला सांगता येत होतं. गोपिकाने मला दहादा पळवलं, दहादा मी तिथेच ठेचकाळले. घड्याळ मात्र कुठे अडखळत नव्हतं. शेवटी तिने ताईंना फोन लावला.

"ताई, नाव तर तेच हाये. काहून सापडून नाही राहिलं?"

"तू मले नुसतं यमू म्हणतं का वं?"

"नाही ताई."

"मंग? फोरट्रानच्या नावामागं एक आडवी रेघ लागते, मानाची. नुसत्या नावानं हाक मारली तर ते काहून ओ देईल?"

पुसलेली ओळ तेवढंच करत होती, सीच्या हाकेला ती रेघ जोडत होती. गोपिकाने ओळ परत लिहिली. मी एका दमात शेवटापर्यंत धावले. अकराला सात मिनिटं कमी असताना इशारा गेला.

नंतर ताई हळूच म्हणाल्या, "चूक माहीबी हाये. त्या ओळीचं कारण लिहायचं राहून गेलं." गोपिकाने ते कारण ओळीशेजारी लिहून ठेवलं.

मित्रांनो, मला खुशाल बदला. पण पुसण्याआधी विचारा, आणि लिहाल तेव्हा कारणही लिहा. कोराडीचा फोन दरवेळी लागेलच असं नाही.